सोळा अधिक दोन

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस हे आईने सांगितलं, आणि सांगताना तिला थोडं बरंच वाटत होतं. "मी मेल्यावर तुम्ही दोघी माझ्या फोटोपुढे एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहाल," असं म्हणाली. पत्ता मात्र तिनेच दिला.

काम आहे म्हणून लिहिते आहे, उगाच नाही. उबवणी केंद्राच्या तुझ्या जुन्या प्रोग्राममध्ये, दारांच्या फाइलमध्ये, एका ओळीत ४७ आहे. नुसता ४७, ना शेंडा ना बुडखा. तो कसला? अंश, टक्के, मिनिटं, की तुझं तेव्हाचं वजन? तेवढं कळवलंस तर उपकार होतील.

का विचारते तेही सांगते. मला इथून सुटायचं आहे. दुसऱ्या गावातल्या एका प्रशिक्षण संस्थेत नवशिक्यांना प्रोग्राम लिहायला शिकवायची जागा मला मिळाली आहे. एक एप्रिलला हजर व्हायचं, तेही इथलं कार्यमुक्तीचं पत्र घेऊन. साहेब म्हणतात, "खुशाल जा. पण आधी तुमच्या जागी बसेल असं माणूस तयार करा." माणूस सापडलं आहे. अकरा वर्षं ती खालच्या तपासणीच्या खोलीत होती, दिव्यासमोर अंडं धरून आत जीव आहे की नाही ते बघायची. अंड्यांमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कोडमधलं काहीच नाही. मी तिला प्रश्नावली म्हणते. तोंडावर म्हणते, तिला चालतं.

पहिल्या दिवशी तिला स्क्रीनपुढे बसवलं. दहाव्या ओळीवर ती अडली. "बाई, हे अठरा म्हणजे काय?" मी म्हटलं, अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं. तिने मान हलवली, चार ओळी पुढे गेली. "हे पण अठरा. हे तेच का?" नाही, हे शीतखोलीचं तापमान. "आणि हे?" हे एका गाड्यावरचे ट्रे. तिने पेन खाली ठेवलं. "तिघांना एकाच नावाने हाक मारलीत, तर ओ कोण देणार?"

तेव्हापासून मी एकेका आकड्याला नाव देत बसले आहे. फाइलच्या डोक्यावर एकदाच लिहायचं, फिरवणे_बंद_दिवस म्हणजे १८, आणि खाली सगळीकडे ते नाव वापरायचं. हे शहाणपण कुठल्याही शिकाऊ पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यात असतं. आपण दोघींनी ते कधी केलं नाही, कारण आपल्याला सगळं पाठ होतं. आता पाठ असलेली मी एकटीच उरले आहे. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही याचा मला कित्येक वर्षं गर्व होता. आता मला हलायचं आहे तर ते पानच सोडत नाही.

एकूण सहाशे बारा आकडे आहेत. ४७ चं तेवढं कळव.

तुझी धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं, त्यामुळे रागावायची सोय नाही.

तुला ही खोली आठवते का? बदललं काहीच नाही. खिडकी अजून एकच, तीही बाहेर नाही तर उबवणीच्या कपाटांकडे उघडणारी. म्हणजे उघडणारी नाहीच, जाड काच. आत येताना आंघोळ, इथले कपडे, इथल्या चपला. बाहेर जाताना पुन्हा आंघोळ. फोन बाहेरच्या कपाटात. चहाला बाहेर पडायचं म्हटलं तरी केस ओले होतात, म्हणून मी चहा सोडला. दिवसातून एवढ्या आंघोळी करूनही स्वच्छ वाटत नाही अशी मी या केंद्रातली एकमेव बाई असेन. (हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.)

मधल्या वर्षांत मी सात वेळा रजा मागितली. तीन वेळा मिळाली, तीही आईच्या आजारपणाची, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी फोन: "बाई, तिसऱ्या कपाटाची घंटा वाजतेय, अमुक ओळीत बावीस आहे, ते बदलायचं का?" मी आईच्या उशाशी बसून बावीस म्हणजे काय ते सांगायची. आई म्हणायची, "हिला त्या कपाटातच उबवून काढलेलं दिसतंय."

प्रश्नावली जोरात शिकते आहे. फार जोरात. गुरुवारी तिने एका फाइलमधल्या प्रत्येक आकड्याला नाव दिलं. मी पाहिलं तर डोक्यावर ओळीने: सोळा म्हणजे १६, चोवीस म्हणजे २४, शंभर म्हणजे १००. मला इतकं हसू आलं की काचेपलीकडचा माणूस वळून बघायला लागला. म्हटलं, "अगं, उद्या सोळा पंख्यांचे वीस पंखे झाले तर? सोळा नावाच्या डब्यात वीस भरशील? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." ती हिरमुसली. मग म्हणाली, "म्हणजे आकडा किती ते नाही सांगायचं. तो कशासाठी आहे ते सांगायचं." मला वीस मिनिटं लागली असती ते तिने एका दमात सांगितलं. टक्केवारीतल्या शंभराला मात्र नाव देऊ नकोस, म्हटलं, त्याला जग ओळखतं.

पाचशे चाळीस झाले. आता ती सरळ मोठ्याने वाचत जाते: शीतखोलीचं तापमान इतकं, दिवस इतका झाला की फिरवणं बंद. मध्ये थांबत नाही, माझ्याकडे बघत नाही. ती अशी वाचू लागली की मला एकाच वेळी हायसं वाटतं आणि धडधडतं.

ओलाव्याची फाइल मी शेवटी ठेवली आहे. तू म्हणशील, का? सोपी आहे म्हणून. सोपं काम शेवटी ठेवावं.

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. एवढंच: "४७ सेकंद. दार त्याहून जास्त उघडं राहिलं तर घंटा. दोन्ही हातांत भरलेला ट्रे घेऊन मी स्वतः चालून मोजलं होतं. दुसरं काही विचारायचं आहे का?"

मी तुला चालताना पाहिलंसुद्धा होतं ते आठवलं. हातात ट्रे, तोंडाने मोजणं चालू, आणि मी दारात उभी राहून तुला मुद्दाम चुकीचे आकडे ओरडून सांगत होते. त्या सत्तेचाळिसाच्या मागे तू चालली होतीस आणि ओळीत त्याचा मागमूस नव्हता. आता आहे. दार_उघडे_सेकंद. आणि वर तुझं वाक्य जसंच्या तसं लिहून टाकलं.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सहा दिवस लागले. दोन कागद फाडले.

सोमवारी मी आंघोळ करून आत आले तर प्रश्नावली ओलाव्याची फाइल उघडून बसली होती. "बाई, बाकीचं सगळं संपलं, म्हणून ही घेतली." आणि मग वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. "इथे दिवस सोळा अधिक दोन असं लिहिलंय. सोळा कसले? आणि हे दोन कसले? सरळ अठरा का नाही लिहिलं?"

मी म्हटलं, बघून सांगते. आज आठ दिवस झाले, ती रोज विचारते. तिच्या वहीत त्या ओळीपुढे तिने रिकामी जागा सोडली आहे, नाव लिहायला. सहाशे अकरा आकड्यांना नावं मिळाली.

ताई, हे तुला माहीत असणार. तरी मला लिहू दे. नऊ वर्षांत मी हे मोठ्याने म्हटलेलं नाही, स्वतःशीसुद्धा.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला खरं तर मी जायची होते. मी काम आहे म्हणून टाळलं आणि तू गेलीस, तीन दिवस. जाताना तुझा पासवर्ड माझ्या हातात दिलास. दुसऱ्या दिवशी खालून निरोप आला, अंडी जास्त दिवस ठेवायची आहेत, शीतखोली अठरावरून सोळा करा. मी तुझ्या नावाने आत गेले, सगळ्या प्रोग्राममध्ये १८ शोधा, १६ घाला, असं सांगितलं आणि एक बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, बत्तीस ठिकाणी बदल झाला. शीतखोली एकच आहे, बत्तीस कशा झाल्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उलट मला वाटलं, वा, किती झटपट झालं.

तेव्हा चौथ्या कपाटातली बॅच सोळाव्या दिवशी होती. यंत्राने फिरवणं थांबवलं, उष्णता उतरवली, ओलावा चढवला. दोन दिवस आधी. एकविसाव्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा आतून आवाजच नव्हता. एरवी त्या दिवशी चिवचिवाटाने बोलणं ऐकू येत नाही. अकरा हजारांतली चारशे की काय फुटली. बाकीची पिल्लं न आटलेल्या पाण्यात आतच बुडून गेली, पूर्ण वाढलेली, चोच वर करून.

परत सोळाचे अठरा करायला गेले तर तेही जमेना. मुळातले सोळा वेगळे कुठे होते? पंखेही सोळाच. सगळे एकात एक मिसळून गेले होते. जुनी प्रत तुझ्या खात्यात होती आणि ते खातं साहेबांनी त्या सकाळीच बंद केलं. मी एकेक ओळ हाताने बघत बसले. ओलाव्याच्या फाइलवर पोचले तेव्हा साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. खोडायला माझा हात धजेना. खोडताना माणूस गुन्हेगार दिसतो, पुढे काही जोडताना काम करतोय असं वाटतं. मी सोळाच्या पुढे अधिक दोन लिहिलं. साहेब म्हणाले, "बरं झालं, तुम्हाला तरी कळतं."

दुपारी त्यांनी तुला बोलावलं. तू म्हणालीस, मी इथे नव्हते. ते म्हणाले, "घरून आत येता येतं, आणि पासवर्ड तुमचाच." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही हात लावला होता का?"

मी नाही म्हटलं.

तू माझ्याकडे बघितलंस. ओरडली असतीस तर मी तिथेच कबूल केलं असतं असं मी स्वतःला सांगत आले. हेही खरं नाही. तरीही नाहीच म्हटलं असतं.

तुला त्यानंतर कुठल्याच केंद्राने यंत्रांना हात लावू दिला नाही. शिवणकामाच्या दुकानात तू काज-बटणं करतेस हे मला आईने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "डोळ्यांना त्रास होत नाही ना?"

विचारायचं काही नाही, ताई. सांगायचं होतं.


११ मार्च

ताई,

काल साहेबांना सांगितलं. उभी राहूनच सांगितलं, बसले असते तर उठता आलं नसतं.

त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "हे मला कशाला सांगता?" खरंच असं म्हणाले. "नऊ वर्षं झाली. गाडलेलं उकरून काय मिळणार? तुमच्या ताईंना मी काढलं. आता त्यांची चूक नव्हती म्हटलं तर मी काय ठरतो?"

त्या प्रकरणानंतर इथे एक पद्धत सुरू झाली आहे, ती तुला माहीत नसेल. बदलांची वही. कोडमधला कुठलाही आकडा बदलला की वहीत तारीख, काय बदललं, का बदललं आणि दोघांच्या सह्या. पानांवर छापील क्रमांक आहेत, फाडायची सोय नाही. वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस येऊन ती वाचतो. मार्चअखेरीस यायचा आहे. म्हणून साहेब म्हणाले, "ती ओळ दुरुस्त करा आणि कारणाच्या रकान्यात 'किरकोळ दुरुस्ती' लिहा. तेवढं झालं की तुमचं कार्यमुक्तीचं पत्र मी त्याच दिवशी सही करतो. एक तारखेला तुम्ही तिकडे. दुसरं काही लिहिलंत तर चौकशी लागेल, आणि चौकशी चालू असताना कोणाला सोडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

तुझ्यापासून आता काय लपवायचं? मी 'किरकोळ दुरुस्ती' लिहिणारच होते. मनात त्या संस्थेच्या वर्गाच्या खिडक्या दिसत होत्या. मी जाऊन बघून आले आहे, चार खिडक्या आहेत, रस्त्याकडे. तुला सांगून झालं, साहेबांना सांगून झालं, आणखी काय हवं, असा हिशेबही मी मांडून ठेवला होता. वही उघडली, तारीख घातली, 'कि' लिहिला.

दुसरी सही प्रश्नावलीची लागणार होती. ती शेजारी येऊन बसली. "बाई, किरकोळ काय आहे यात? हे दोन कसले ते मला अजून कळलं नाही. तुम्हीच म्हणता, न कळलेल्यावर सही करायची नाही."

आपलीच शिकवण अशी आपल्याच गळ्यात आली. मी तिला सांगितलं. तुझं नाव, पासवर्ड, बत्तीस ठिकाणं, सगळं. मला वाटलं ती घाबरेल किंवा मला समजून घेईल. तिने दोन्ही केलं नाही. वहीवरचं पेन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चौथं कपाट. ती बॅच मीच तपासली होती. दहाव्या दिवशी, दिव्यासमोर. एकूण एक. सगळ्यांत जीव होता, बाई. नंतर खाली सगळे म्हणाले, तपासणीच नीट झाली नसेल. मी सहा महिने झोपेत अंडी धरत होते."

हे मला माहीत नव्हतं. मी तुझ्या एकटीच्या नावाने रडत होते.

'कि' वर रेघ मारली. कारणाच्या रकान्यात जे घडलं ते लिहिलं, सात ओळींत, रकान्याबाहेर गेलं. माझी सही. तिची सही. ती म्हणाली, "आता कळलं, म्हणून करते." मग सोळा अधिक दोन खोडून तिथे ओलावा_वाढ_दिवस घातलं, आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. काहीच झालं नाही. यंत्र होतं तसं घुमत राहिलं.

साहेबांनी वही पाहिली. पत्रावर सही झालेली नाही.

धाकटी


२२ एप्रिल

ताई,

चौकशी संपली. सोबतचा कागद तुझ्यासाठी आहे. भाषा त्यांची आहे, त्यामुळे तीनदा वाचावी लागते, पण दुसऱ्या परिच्छेदात तुझं पूर्ण नाव आहे आणि त्यापुढे 'दोषी नव्हत्या' असं आहे. तपासनिसाने साहेबांकडून सही घेतली तेव्हा मी समोर होते. असाच कागद प्रश्नावलीसाठीही मागितला, म्हटलं तपासणीच्या खोलीवरचा ठपकाही काढा. तो तिने घडी घालून घरी नेला. इतर केंद्रांना कळवणार आहेत. कळवतात की नाही हे मी बघेन, मला इथे वेळच वेळ आहे.

कारण मी इथेच आहे. संस्थेने पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग जागा दुसऱ्या कोणाला दिली. शिक्षा म्हणून माझी बढती थांबली, ती तशीही कुठे चालली होती. शिवाय तपासनिसाने लिहून ठेवलं आहे की हा प्रोग्राम जाणणारं अनुभवी माणूस कायम असलंच पाहिजे, आणि प्रश्नावलीला एकटीने बसायला आणखी दोन वर्षं लागतील. म्हणजे सगळ्या आकड्यांना नावं देऊनही खुर्चीला मी तशीच चिकटलेली. सकाळी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ.

आता खरं ते सांगते, जे मला सांगायचं नव्हतं. या आठवड्यात तुला साहेबांचं पत्र येईल. गोड पत्र असेल. झालं गेलं विसरून जुन्या पदावर परत या, असं. ते वाचून तुला वाटेल की त्यांना पस्तावा झाला. तसं काही नाही. तपासनिसाला हवं ते अनुभवी माणूस त्यांना तुझ्यात दिसलं आहे. आणि काल त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ताईंना तुम्हीही दोन शब्द लिहा, समजवा. त्या आल्या की तुम्ही मोकळ्या. त्याच दिवशी पत्र देतो."

तेव्हा हे ते दोन शब्द. तू आलीस तर मी सुटते. नाही आलीस तर दोन वर्षं मी इथे, कदाचित जास्त. आणि मला सुटायचं आहे, ताई, फार सुटायचं आहे, काचेवर डोकं आपटावं इतकं. हे सगळं तुला आधीच कळायला हवं. नाहीतर पुन्हा तुला न सांगता तुझ्या नावावर मी माझं काम करून घेतल्यासारखं होईल.

तुला इथे यावंसं वाटलं, या कामासाठी वाटलं, तर ये. मी किल्ल्या देईन आणि तुझ्या वाटेतून बाजूला होईन. माझी दया येऊन मात्र येऊ नकोस. साहेबांना मी सांगून टाकलं आहे, समजवणार नाही. ते म्हणाले, मग बसा इथेच. मी म्हटलं, बसते.

धाकटी